नऊवारीचे अठरा कट

कापडाची खरी लांबी वारात मोजायची नसते. ते किती माणसांनी पाहिलं, यावरून मोजायची असते. हे सत्य मानवजातीला फार पूर्वी कळायला हवं होतं. पण ते भंडारा जिल्ह्यातल्या पवनी गावी, निनाव्यांच्या घरी, अकरावीतल्या भावनाला कळेपर्यंत मानवजात उगाचच कापडं नेसत बसली होती.

भावनाचे वडील सेवकराम निनावे विणकर. बत्तीस वर्षं त्यांनी एकाच खड्ड्याच्या मागावर बसून कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, करवती साडी विणली. करवती म्हणजे जिच्या काठाला करवतीसारखे दात असतात ती. तीन धोटे, दोन हात आणि दिवसाला जेमतेम एक वार कापड. (या वेगाला हल्ली 'स्लो फॅशन' म्हणतात. आधी त्याला 'काहून गा सेवकराम, केव्हा देते?' असं म्हणत.) आई गीताबाई शेजारी बसून धोट्यातल्या धाग्याच्या कांड्या भरायची. गिऱ्हाईक दारात यायचं, काठ ओढून बघायचं, कोशाचा वास घ्यायचं, भाव पाडायचं आणि साडी काखेत मारून जायचं. इतक्या अशास्त्रीय पद्धतीने हा धंदा बत्तीस वर्षं चालला, हे आज शपथेवर सांगितलं तरी कोणाला पटत नाही.

सुधारणा भुपेंद्रमामाने आणली. हा गीताबाईचा धाकटा भाऊ. त्याने नागपुरात व्यवसायवृद्धीचं तीन तासांचं शिबिर केलं होतं (त्यातला पाऊण तास चहा). तो आला, मागाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "जिजाजी, तुमच्यापाशी साडी हाये, पण स्टोरी नाई." सेवकरामांनी घाबरून साडी उलटी करून पाहिली. त्या संध्याकाळी 'सेवकराम हातमाग' ही पाटी उतरली आणि 'करवती स्टोरीज' हा ब्रँड जन्माला आला. ब्रँड म्हटला की समाजमाध्यम विभाग आलाच. विभागावर भावनाची नेमणूक झाली. तिची पात्रता दोन प्रकारची होती: दहावीला चौऱ्याऐंशी टक्के, आणि घरातल्या फोनचं लॉक तिलाच उघडता येत होतं.

विभागाची रचना येणेप्रमाणे होती:

मुख्य विपणन अधिकारी: भावना.
चित्रण व प्रकाशयोजना: भावना. (सहायक: भिंतीतली खुंटी. तिच्यावर रिंगलाइट.)
मजकूर, हॅशटॅग, शुद्धलेखन: भावना.
ग्राहकसंवाद: भावना, शाळा सुटल्यावर.
पाकिटं भरणे, थुंकी लावून चिकटवणे, पोस्टात नेणे: भावना.
तक्रार निवारण: भावना. निवारण न पटल्यास अपील: भावनाकडेच.

दर सोमवारी विभागाची बैठक भरायची. गणसंख्या ताबडतोब पूर्ण व्हायची. सगळे ठराव एकमताने. मागच्या भिंतीला रंग काळा द्यावा की मोरपंखी, यावर एकदाच मतभेद झाला, तेव्हा बैठक तहकूब करून अध्यक्षांना आईने पाणी भरायला पाठवलं.

विभागाचं पहिलं मोठं कार्य म्हणजे शुभेच्छा. साडी विकणाऱ्या ब्रँडने साडीबद्दल बोलणं हे अडाणीपणाचं लक्षण मानलं जातं. त्याने दिनविशेष पाळावेत. त्यामुळे 'करवती स्टोरीज'ने चिमणी दिनाला चिमण्यांना, पाणथळ दिनाला तळ्यांना आणि व्याघ्रदिनाला वाघांना शुभेच्छा दिल्या. (पवनीपासून वाघाचं जंगल जवळ आहे आणि ग्राहक लांब, तेव्हा हा निर्णय भूगोलाला धरूनच होता.) दंत आरोग्य दिनी तर करवती काठाचे दात दाखवून कमालच केली. त्या दिवशी दोन दातांचे डॉक्टर फॉलोअर झाले.

दुसरं कार्य म्हणजे किंमत न सांगणं. ज्या वस्तूची किंमत दिसते ती वस्तू बाजारातली. जिची किंमत विचारावी लागते तो ब्रँड. त्यामुळे कुणीही खाली 'किंमत?' असं लिहिलं, की विभाग तत्परतेने उत्तर द्यायचा: 'इनबॉक्समध्ये या.' माणूस इनबॉक्समध्ये यायचा, तिथे त्याला एकट्याला, कानात सांगावी तशी किंमत सांगितली जायची, आणि तो 'ओके डिअर' म्हणून कायमचा निघून जायचा. पहिल्या तिमाहीचा अहवाल बोलका आहे. पोस्ट: २११. फॉलोअर: ११,४००. किंमत विचारणारे: १,९३६. किंमत ऐकून 'ओके डिअर' म्हणणारे: १,२११. किंमत ऐकून काहीच न म्हणणारे: ७२५. साडी घेणारे: नाहीत. भावनाने हा अहवाल जेवताना वाचून दाखवला तेव्हा भुपेंद्रमामाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, एवढी 'ब्रँड जागरूकता' तर त्या शिबिरवाल्यांचीसुद्धा झाली नव्हती.

अशा ऐन भरभराटीत फेब्रुवारी महिन्यात एक गिऱ्हाईक आलं.

ते एसटीने आलं, हीच पहिली अडचण. आसगावच्या गिरजाबाई, वय एकाहत्तर, धानाची शेती, फोन नाही. त्यांनी दारातूनच विचारलं की नऊवारी करवती लुगडं केवढ्याला पडेल. दारात भावना होती. विभागाच्या सवयीने ती म्हणाली, "इनबॉक्समध्ये या." ती कोणती खोली असं न विचारता गिरजाबाई सरळ आत आल्या आणि मागापाशी फतकल मारून बसल्या. तिथे सेवकराम भेटले, भाव सांगितला गेला, पाडला गेला, पुन्हा थोडा उचलला गेला आणि चहा येईपर्यंत ठरलासुद्धा. (१,९३६ लोकांना जमलं नाही ते एका बाईने पायातली चप्पल काढून केलं. विभागाने ही घटना 'अपवाद' या सदरात घातली.)

गिरजाबाईंनी कनवटीतून रुमाल काढला, रुमालातून कागद आणि कागदातून काठाची एक पट्टी. वीतभर लांब, चार बोटं रुंद, पिवळट पडलेली. त्यांच्या आईच्या लुगड्याची. लुगडं केव्हाच विरून गेलं होतं, एवढंच उरलं होतं. वितीत एकवीस दात, आणि प्रत्येक दात किंचित डावीकडे कललेला, जसं उभं धान वाऱ्याला कलतं. अस्सा काठ पाहिजे, म्हणाल्या. चोवीस एप्रिलला नात सरिताचं लग्न होतं.

"मांडवात नेसीन तं हेच नेसीन," गिरजाबाई म्हणाल्या. "नाई भेटलं तं मांडवाच्या भायेर बसीन. पाहून घेजो सेवकराम."

"बावीस तारखेले या मावशी," सेवकराम म्हणाले. "माहा शब्द हाये."

सेवकरामांच्या शब्दाबद्दल एवढंच सांगायला हवं, की बत्तीस वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. पण बत्तीस वर्षांत घरात समाजमाध्यम विभागही नव्हता. विभागाने रीतसर नोंद केली: ग्राहक, गिरजाबाई. फॉलोअर, नाही. लाइक, नाही. शेअर, नाही. पोहोच, आसगाव ते पवनी. प्राधान्य, कमी. नमुन्याची पट्टी मागाशेजारच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली.

मार्चात उभ्या धाग्यांचा ताणा लावला आणि काम सुरू झालं. नऊ वार म्हणजे नऊ दिवसांचं काम. ते चौतीस दिवसांत झालं, कारण आता ते नुसतं विणलं जात नव्हतं, दाखवलंही जात होतं. विणकाम छान दिसावं म्हणून विणकाम थांबवावं लागे. मागाचा खटखटाट गाण्याच्या आड येई, म्हणून धोटा हवेत धरून सेवकराम नुसते विणल्यासारखे करत. गीताबाईंना एकच कांडी हसऱ्या चेहऱ्याने अकरा वेळा भरावी लागली. त्यांनी एकदा विचारलं, की हे सगळं कोणासाठी चाललंय. भावनाने अल्गोरिदमची कल्पना समजावून दिली: तो ठरवतो कोणाला काय दिसावं, त्याला रोज ताजं लागतं, आणि एक दिवस नागा झाला की तो रुसतो. गीताबाईंना कल्पना लगेच समजली. तेव्हापासून त्या त्याला 'तुहा सायब' म्हणू लागल्या आणि सकाळी विचारू लागल्या, सायबाचं पोट भरलं का.

तरीही पंधरा एप्रिलला लुगडं पूर्ण झालं. बावीस तारखेला सात दिवस बाकी. शब्द शाबूत, नऊ वार शाबूत. इतिहासकारांनी इथे क्षणभर थांबावं.

निनाव्यांकडे साडी मागावरून उतरवायची एक रीत आहे. गीताबाई मागाच्या फणीला कुंकू लावतात. कोणी बोलत नाही. मग सेवकराम विणलेल्या कापडाच्या आणि उरलेल्या ताण्याच्या मध्ये कात्री धरतात आणि ते ताणलेले हजारो धागे एका दमात सर्रकन कापतात. कापड सैल पडतं, घरातल्या सगळ्यांचे खांदेही सैल पडतात. बत्तीस वर्षं हे दर साडीला होत आलं आणि यात दाखवण्यासारखं काही आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आपला समाज अशी किती संपत्ती वाया घालवतो!

भावनाने ट्रायपॉड लावला. कुंकू लागलं, कात्री चालली, रील गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला एक लाख बारा हजार लोकांनी पाहिलं होतं. पवनीची लोकसंख्या चार वेळा मोजली तरी एवढी भरत नाही. खाली लोकांनी लिहिलं होतं: 'काय तो आवाज', 'मन शांत झालं', 'काका किंग', आणि सर्वांत जास्त म्हणजे 'पुन्हा दाखवा'.

पुन्हा दाखवा. आता साडी ही मागावरून एकदाच उतरते, ही तिची मोठीच तांत्रिक मर्यादा. पण जिथे इच्छा तिथे टाचणी. भावनाने लुगड्याचं मोकळं टोक परत मागावर ताणून टाचलं आणि टोकापासून चार बोटांवर खडूने रेघ मारली.

"बाबूजी, फक्त चार बोटं."

सेवकराम कात्री खाली ठेवायला लागले. पण विभागाकडे आकडे तयार होते. नऊ वारांत चार बोटं म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही. शंभरातला एक तांदूळ कमी झाला म्हणून भात कमी होतो का? शिवाय पहिल्या रीलमध्ये आईचं कोपर आलं होतं. म्हणजे ही कापाकापी नव्हती, चूकदुरुस्ती होती.

सेवकरामांनी कापलं. आणि इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर सगळा दोष एका अकरावीतल्या मुलीच्या माथी जायचा. बत्तीस वर्षांत सेवकरामांच्या साड्या शेकडो बायकांनी घेतल्या. त्यांनी काठ ओढला, वास घेतला, भाव पाडला. 'वा' कोणी म्हटलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी ते अंगणात बाजेवर बसत आणि भावनाला कमेंट मोठ्याने वाचायला लावत. 'लेजेंड' या शब्दापाशी तिला पुन्हा वाच म्हणत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मिशीला कलप लावला. चौथ्या दिवसापासून सूचना उलट्या दिशेने येऊ लागल्या.

"एक आणखी घेऊ," ते म्हणत. "माहा अंगठा हालला."

पहिले सहा कट चार-चार बोटांचे झाले. मग लक्षात आलं की चार बोटांचा तुकडा पडताना पडद्यावर दिसत नाही. त्याला वजन नाही. सातव्यापासून माप एक वीत ठरलं. ही सूचना विभागाची नव्हती, सेवकरामांची होती. (विभागाने तिचं स्वागत केलं.) सकाळच्या उन्हातला कट. पावा वाजतोय असा कट. डोळे मिटून कट. वैनगंगेच्या घाटावर, माग नेता येत नाही म्हणून दोन खांबांना लुगडं ताणून, पाण्यात प्रतिबिंब पाडून कट. हा अकरावा, आणि जाणकारांच्या मते सर्वोत्तम. एकवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत अठरा झाले.

गीताबाईंनी या काळात एकदाच आक्षेप नोंदवला. "काहून वो," त्या म्हणाल्या, "लुगडं नेसाचं असते का पाहाचं?"

भावनाने सांगितलं, की एक बाई नेसली तर एकच बाई नेसते, पण लाखांनी पाहिलं तर लाखांना नेसल्यासारखं वाटतं. गीताबाईंनी तव्यावरची भाकर उलटली आणि लाख जणींनी मिळून नेसलेल्या लुगड्याचा विचार करत बसल्या.

तुकड्यांचं काय करायचं हा प्रश्न विभागाने तितक्याच हुशारीने सोडवला. 'तीन मैत्रिणींना टॅग करा, अस्सल करवतीचा तुकडा जिंका.' तुकडे पडायचे तसे बिस्किटांच्या डब्यात जायचे, डब्यातून पाकिटात, पाकिटातून पवनीच्या पोस्टात. पुणे, सुरत, इंदूर, बंगळूर; एक तर पार गुवाहाटीला. अंतिम अहवालात दोन आकडे शेजारी शेजारी आले. तुकडे: १८. रवाना पाकिटं: १९. दमलेल्या विभागाने या फरकाकडे एकदा पाहिलं आणि तो 'सेंद्रिय वाढ' म्हणून नोंदवला.

बावीस तारखेला सकाळी अकराच्या एसटीने गिरजाबाई आल्या. शब्दाप्रमाणे लुगडं तयार होतं. घडी घातलेलं, वर हळदीकुंकवाचं बोट. गिरजाबाईंनी घडी हातात घेतली आणि जरा तोलली. मग ती मांडीवर उलगडून त्या वितीने मोजायला लागल्या. अंगठा, करंगळी, अंगठा, करंगळी. खोलीत मागाचा आवाज नव्हता, पंख्याचाही नव्हता (चित्रणासाठी बंद ठेवायची सवय लागली होती), त्यामुळे त्यांचं मोजणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

"बावीस," त्या म्हणाल्या. "नऊ वाराच्या छत्तीस विती होतेत, सेवकराम. मी शाळेत नाई गेली, पण छत्तीस मले येते."

सेवकराम ताण्यातला एक न गुंतलेला धागा सोडवायला लागले. उत्तर देण्याची जबाबदारी ग्राहकसंवाद शाखेवर आली. भावना खूप बोलली. पोहोच म्हणजे काय, लोकांची किती मागणी होती, सहा तुकडे तर नुसते चार-चार बोटांचे होते. तिला वाटलं होतं आजी ओरडतील; ओरडणाऱ्या ग्राहकासाठी विभागाकडे उत्तराचा मसुदा होता. पण गिरजाबाई म्हणाल्या, दाखव. म्हणून भावनाने त्यांच्या शेजारी बसून फोन त्यांच्यासमोर धरला.

गिरजाबाईंनी अठराच्या अठरा कट पाहिले. मधेच पुढे ढकलू दिलं नाही. पाव्यासकट, घाटासकट, शेवटपर्यंत. विभागाच्या स्थापनेपासून इतक्या लक्षपूर्वक पाहणारा प्रेक्षक त्याला मिळाला नव्हता. संपल्यावर त्या सेवकरामांकडे वळल्या.

"तू यात हासून रायला, सेवकराम," त्या म्हणाल्या. "इतल्या वर्षांत तुले हासताना मी नाई पायलं. हे हासू कापतानाच काहून येते बापा, विणताना नाई येत?"

सेवकरामांनी कलप लावलेली मिशी तळहाताने झाकली. भावनाला पहिल्यांदाच वाटलं की खोलीत रिंगलाइट नसता तर बरं झालं असतं.

मग विभाग कामाला लागला, कारण विभागाला दुसरं काही येत नव्हतं. भावनाने सगळ्या विजेत्यांना संदेश टाकला: हा तुकडा एका आजीच्या लुगड्याचा आहे, लग्न परवा आहे, कृपा करून परत पाठवा. प्रतिसाद अभूतपूर्व होता. तासाभरात अकरा हृदयं आली. चार रडके चेहरे आले. दोघांनी विचारलं, हेही रील आहे का. एकीने फोटो पाठवला. तिने तुकड्याने चष्मा पुसायला सुरुवात केली होती आणि चष्मा फार छान निघत होता. तुकडा कोणीच पाठवला नाही. आणि पोस्टात टाकला असता तरी गुवाहाटीहून पवनीला दोन दिवसांत यायला तो काही रील नव्हता.

गिरजाबाईंनी तोवर लुगडं पुन्हा घडी केलं होतं. "बावीस विती माह्या सरिताले होतेत," त्या म्हणाल्या. "आजकालच्या पोरी तेवढंच नेसतेत. नातीचं समजून घेऊन जातो. माहा नमुना तेवढा वापस दे पोरी."

भावनाने बिस्किटांचा डबा उघडला. डब्यात डब्याचा तळ होता, बाकी काही नव्हतं.

तिने डबा उलटा केला. मागाच्या खड्ड्यात उतरून पाहिलं. मग ती जिथे उभी होती तिथेच उभी राहिली, कारण तिला अहवालातले दोन आकडे आठवले, शेजारी शेजारी, अठरा आणि एकोणीस. एकोणिसाव्या विजेत्याचं खातं तिने उघडलं. फोटो नाही, नाव नाही, एक कमळाचं चित्र आणि आकड्यांची रांग. संदेश त्याने पाहिला होता. खाली तसं स्पष्ट लिहून आलं होतं: पाहिलं. उत्तर नव्हतं. पत्ता लिहिलेली वही तिने पाकिटं संपल्यावर त्याच दिवशी रद्दीत घातली होती, विभाग कागदविरहित व्हावा म्हणून.

"आजी," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य विभागाच्या कुठल्याच मसुद्यात नव्हतं. "तुमच्या मायची पट्टी मी पोस्टात टाकली."

गिरजाबाईंनी तो रिकामा डबा हातात घेतला. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं, जसं आत काही असताना लावतात, आणि चप्पल घातली.

"लग्नाले या," त्या दारातून म्हणाल्या. "फोन घरी ठेवजा."

चोवीस तारखेला आसगावात सरिताचं लग्न लागलं. नवरीच्या अंगावर करवती काठाची साडी होती, पाच वार दोन वीत, बेताची, पण चांगली बसली होती. गिरजाबाई बोलल्याप्रमाणे मांडवाच्या बाहेर बसल्या, आचाऱ्यांच्या पलीकडे आंब्याखाली, रोजच्या लुगड्यात. लोकांनी खूप ओढलं, पण त्या शब्दाच्या पक्क्या. त्यामुळे झालं असं, की ज्याला ज्याला आजीच्या पाया पडायचं तो तो बाहेर आला, बाहेर वारा होता म्हणून तिथेच बसला, आणि मंगलाष्टकं झाल्यावर नवरा-नवरीसुद्धा आले. मांडवात शेवटी फोटोग्राफर आणि दोन पंखे उरले. सेवकराम सकाळपासून गिरजाबाईंच्या शेजारी जमिनीवर बसून होते. भावना वाढायला उभी होती. तिचा हात तीनदा खिशाकडे गेला आणि खिसा रिकामा होता. तरी वरण कोणाच्या पानात कमी पडलं नाही.

सध्या विभागाची स्थिती येणेप्रमाणे आहे. भावना वगळता सर्व पदं रद्द. दिनविशेष बंद; चिमण्यांनी स्वतःचं बघावं. सेवकरामांनी, कोणी न सांगता, न मागता, नवा ताणा लावलाय. नऊ वार, छत्तीस विती, गिरजाबाईंच्या नावाचा. माग पुन्हा खटखटतो. मिशी पांढरी होत आलीय. वितीत एकवीस दात बरोबर येतात, पण दातांचा तो डावीकडचा कल काही जमत नाही. पहिल्या लुगड्याचा कल पट्टी बघून आला होता; ते लुगडं सरितासोबत सासरी गेलं, आणि रीलमध्ये कात्री दिसते, कल दिसत नाही. चार बोटं विणतात, बघतात, उसवतात. पट्टी समोर असती तर जमलं असतं, असं ते आता भावनाला नाही, मागाला सांगतात.

म्हणून भावनाने एक शेवटची पोस्ट टाकली आहे. गाणं नाही, कात्री नाही. आईने वहीच्या पानावर आठवून काढलेलं काठाचं चित्र, आणि खाली एवढंच: ही पट्टी कोणाकडे आली असेल तर परत पाठवा. ती दोन लाख चाळीस हजार लोकांनी पाहिली. तीन हजार अठरा जणांनी खाली लिहिलं. त्यांतल्या दोन हजार दोनशे चार जणांनी एकच शब्द लिहिला: किंमत?

एकोणिसाव्याने अजून काही लिहिलेलं नाही. तो कोण, हे भावनाला माहीत नाही. पण तो कसा, हे तिला आता बरंच माहीत झालंय. तो वाईट माणूस नाही. तो सगळं पाहतो, शेवटपर्यंत पाहतो, मधे हसतो, आजीच्या ठिकाणी त्याला थोडं वाईटही वाटतं, आणि मग बोट वर सरकवून तो पुढे जातो. म्हणजे अगदी तुमच्यासारखा, ज्यांनी इथवर वाचलं.

तेव्हा उठा आणि एकदा कपाट उघडून बघा. मागे कधीतरी एक पाकीट आलं होतं, तुम्ही ते फोडून बाजूला ठेवलं होतं. वीतभर लांब, चार बोटं रुंद, पिवळट, दात डावीकडे कललेले. सापडली तर पवनीला पाठवा, निनाव्यांचं घर कोणीही सांगेल. आणि कपाटाकडे जाता जाता तुमच्या मनात हे आलंच असेल, की अशी नऊवारी करवती आजकाल पडते तरी केवढ्याला, तर इनबॉक्समध्ये या.